चिकन ब्रेस्ट की चिकन सॉसेज? पाकिटावरचे आकडे असे वाचा

दोन्ही पाकिटांवर चिकनच लिहिलेलं असतं. तुलना करायची तर आधी दोन्हीकडचा '१०० ग्रॅममागे' हा रकाना शोधा. 'प्रति सर्व्हिंग' बघू नका; एकीकडे सर्व्हिंग १०० ग्रॅमचं, दुसरीकडे एका सॉसेजचं असलं की सॉसेज उगाच हलकं वाटतं.

१०० ग्रॅम कच्च्या ब्रेस्टमध्ये साधारण २२ ग्रॅम प्रथिनं आणि २-३ ग्रॅम चरबी असते. सॉसेजमध्ये प्रथिनं बहुधा १२-१५ ग्रॅमवर येतात, कारण त्यात पाणी, तेल, स्टार्चही असतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. चिकनच्या पाठोपाठ पाणी दिसलं तर पाणी बरंच आहे हे समजून जा.

खरी मेख सोडियममध्ये आहे. साध्या कच्च्या ब्रेस्टमध्ये ते १०० मिलिग्रॅमच्या आत असतं. सॉसेजवर ८०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर त्याला २.५ ने गुणा: २००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम मीठ! भारतीय लेबलांवरची टक्केवारी दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढतात, म्हणजे ४० टक्के इथेच संपले. घरात कुणाला रक्तदाब असेल तर हा आकडा सगळ्यात आधी बघा, आणि रोजच्या डब्याला ब्रेस्टच घ्या. घटकांच्या यादीतला 'आयएनएस २५०' हा संकेतांक म्हणजे सोडियम नायट्राइट, मांस टिकवण्यासाठी घातलेला पदार्थ.

ब्रेस्टचं पाकीटही डोळे झाकून उचलू नका. मॅरिनेट केलेलं असेल, घटकांत मीठ किंवा फॉस्फेट असेल, तर सोडियम बरंच वाढलेलं असतं. शिवाय त्यावरचे आकडे कच्च्या मांसाचे असतात. शिजून २०० ग्रॅमचे १५० झाले तरी प्रथिनं जवळपास तेवढीच राहतात, म्हणून वजन शिजवण्याआधीच करा.