चिपीचं छोटं विमान: वाऱ्यासाठी थांबलं, म्हणून चार तारे

मेअखेरीस बाबांना घेऊन सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून निघालो. विमान एटीआर 72, दोन पंख्यांचं, सत्तरएक प्रवाशांचं. धावपट्टीच्या टोकाशी बराच वेळ उभं राहिलं आणि चक्क मागे फिरलं. "वाऱ्यामुळे उशीर" एवढीच घोषणा. मागचे एक गृहस्थ घोषणा करणाऱ्या बिचाऱ्या हवाईसुंदरीवर खेकसले, ते मला अजिबात पटलं नाही.

चिपीची धावपट्टी पूर्व-पश्चिम, उघड्या सड्यावर. पश्चिमेचा वारा समोरून घेतला की विमान लवकर उचलतं. त्या दिवशी पावसाआधीचा वारा दक्षिणेकडून आडवा येत होता, तोही झोत मारत. खिडकीतून विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, दिसत होता: आत्ता ताठ, आत्ता लुळा. खरा धोका त्यातच. आडवा वारा एकसारखा असेल तर पायलट रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून, वाऱ्याकडचा पंख दाबून धरून विमान सरळ ठेवतो. पण झोत अचानक वाढला की तो उंच शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. ऐन वेगात सावरायला सेकंदच मिळतात. डिसेंबर 2008 मध्ये डेन्व्हरला बोईंग 737 अशाच झोतांत उड्डाणाच्या धावेत धावपट्टी सोडून बाजूला गेलं आणि पेटलं. 115 जणांपैकी कुणी दगावलं नाही, पण कित्येक जखमी झाले. आणि ते विमान आमच्यापेक्षा दुपटीहून जड!

बाबांनी उभा जन्म निवतीला मासेमारीत काढलाय. "असल्या वाऱ्यात आमी होडी पण काढणव नाय," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

एक तारा कापला तो कंपनीच्या वागण्यासाठी. आम्हाला उतरवून हॉलमध्ये बसवलं, पण किती थांबायचं, जेवण मिळणार का, कुणी धड सांगेना. डायबेटिस असलेल्या माणसाला बिस्किटाचा पुडा देऊन कसं चालेल? वारा कुठून येतोय, कशाची वाट बघतोय, हे पायलटनेच दोन वाक्यांत सांगितलं असतं तर निम्मी कुरबुर तिथेच थांबली असती.

वारा पश्चिमेला फिरल्यावर उडालो. धाव सरळ, उचल अलगद. पायलटला मनापासून दाद. सीट ऐसपैस, खिडकीतून देवबागची खाडी आणि किल्ला बघून घ्या. मात्र मे-जूनमध्ये पुढचं विमान किंवा गाडी त्याच दिवशीची काढू नका, आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.