‘साधना’चा शनिवार: एका साप्ताहिकाच्या वर्गणीविषयी

नियतकालिकाची वर्गणी भरताना आपण मजकूर, छपाई आणि किंमत पाहतो. ते किती दिवसांनी निघते याचा विचार फारसा करत नाही. पुण्याहून निघणाऱ्या ‘साधना’ साप्ताहिकाचे परीक्षण मी मात्र याच बाजूने करणार आहे, कारण या अंकाचे बरेचसे गुण आणि काही दोषही त्याच्या सात दिवसांच्या मुदतीतून, म्हणजे दोन अंकांमधल्या ठरलेल्या अंतरातून, आलेले आहेत असे माझे मत आहे. लेखन नियमितपणे प्रसिद्ध करायचे ठरवलेल्या आणि ‘रोज, आठवड्याला की महिन्याला’ या प्रश्नापाशी अडलेल्या वाचकांना ही बाजू अधिक उपयोगी पडेल.

‘साधना’ १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू झाले. संस्थापक-संपादक साने गुरुजी यांनी त्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक मुदतीचा प्रयोग करून पाहिला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत; त्यानंतर ‘विद्यार्थी’ हे मासिक आले, १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक आले आणि १९४८ च्या पूर्वार्धात ‘कर्तव्य’ हे सायंदैनिक. हे सायंदैनिक काही महिन्यांतच बंद पडले आणि त्यानंतर त्याच वर्षी ‘साधना’चा जन्म झाला. हस्तलिखित दैनिक एकटा माणूस रात्री जागून काढू शकतो, कारण त्याचा वाचक शेजारच्या खोलीत असतो आणि त्याला कागद, खिळे जुळवणारा जुळारी, छपाई, विक्रेते यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नाही. छापील दैनिकाला मात्र ही सगळी यंत्रणा रोज नव्याने हलवावी लागते, आणि तिथे संपादकाची तळमळ कितीही खरी असली तरी ती पुरत नाही. गुरुजींच्या हाती ‘साधना’ दोन वर्षेसुद्धा राहिले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले. तरीही अंक चालू राहिला, आणि त्यामागे संस्थापकाच्या पुण्याईइतकाच त्याने अखेरीस निवडलेल्या मुदतीचा वाटा आहे असे मला वाटते.

ही मुदत माणसांना झेपणारी आहे. यदुनाथ थत्ते, वसंत बापट, ग. प्र. प्रधान यांच्यासारखे संपादक ‘साधना’ला लाभले, आणि त्यांच्यापैकी कोणीही केवळ संपादक नव्हते, कोणी शिक्षक, कोणी कवी, कोणी चळवळीतला कार्यकर्ता. नरेंद्र दाभोलकर यांनी १९९८ पासून संपादन केले ते साताऱ्यात राहून आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम पूर्ण वेगाने चालू ठेवून. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर विनोद शिरसाठ यांच्याकडे संपादकपद आले. अंक निघतच राहिला. इतर कामे सांभाळणाऱ्या माणसांच्या बळावर दैनिक चालले नसते, आणि मासिक चालले असते तरी सामाजिक चळवळींच्या घडामोडींना ते नेहमीच उशिरा पडले असते.

मुदत निवडणे ही छापील नियतकालिकाच्या बाबतीत केवळ आवडीची गोष्ट कधीच नव्हती. १८९८ च्या टपाल कायद्यानुसार सवलतीच्या दराने अंक पाठवायचे असतील तर दोन अंकांमध्ये एकतीस दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नसे. म्हणजे मासिकाला सवलत मिळे आणि त्रैमासिकाला पूर्ण हशील भरावे लागे. १८६७ च्या मुद्रण कायद्यात तर मुदत बदलली की प्रकाशनासाठी सरकारदरबारी केलेले जुने घोषणापत्रच रद्द होई आणि नवे करावे लागे, आणि साप्ताहिकाने तीन महिन्यांत ठरलेल्या अंकांच्या निम्मेही काढले नाहीत तरी तेच होई. हा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला आहे. जालावर लिहिणाऱ्याला यातले काहीच लागू नाही, म्हणूनच तिथे आज रोज लिहिण्याचा संकल्प जाहीर होतो आणि पुढच्या महिन्यात निमूटपणे मागे पडतो.

आता वाचनाच्या अनुभवाकडे वळतो. ‘साधना’वर तारीख शनिवारची असते. एका अंकातला मजकूर आठवडाभरात, रोजचे वर्तमानपत्र सांभाळून, सावकाश वाचून होतो. संपादकीय, एखादी दीर्घ मुलाखत किंवा भाषण, आणि बऱ्याचदा चालू असलेली लेखमाला असा ऐवज त्यात असतो. यातली लेखमाला हे साप्ताहिकाचे खास बलस्थान आहे. मासिकात मागचा भाग विसरून गेलेला असतो, आणि दैनिकात प्रत्येक भाग इतका लहान करावा लागतो की युक्तिवाद पायावर उभा राहण्याआधीच जागा संपते. आठवड्याच्या अंतराने मात्र मागचे आठवते आणि पुढच्याची उत्सुकताही टिकते. साधना प्रकाशनाची काही पुस्तके अशा लेखमालांमधूनच तयार झाली आहेत. शिवाय एखाद्या लेखकाला दर आठवड्याला लिहिणे जमत नसेल, तर त्याचे सदर पंधरवड्याने छापता येते. अंकाची मुदत आणि लेखकाची मुदत एकच असावी लागत नाही, ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. अनेकांनी मिळून चालवलेल्या कोणत्याही प्रकाशनाने ती उचलावी.

दोष दोन जाणवतात. पहिला, बातमीच्या बाबतीतला. शनिवारचा अंक छापून, टपालात पडून वाचकापर्यंत पोहोचायचा, तर मजकूर काही दिवस आधी पक्का करावा लागतो. त्यामुळे गुरुवारी घडलेल्या घटनेवरचे भाष्य बहुधा पुढच्या अंकात येते, आणि तोवर वाहिन्यांनी त्या विषयाचा चोथा केलेला असतो. ज्याला ताजी प्रतिक्रिया हवी आहे, त्याने ‘साधना’कडे वळू नये. दुसरा दोष एकाच वेळी येणाऱ्या अंकांच्या गर्दीचा. १५ ऑगस्टच्या सुमारास वर्धापनदिनाचा विशेषांक आणि दिवाळीला मोठ्यांचा, युवांचा व बालकुमारांचा असे तीन अंक काढण्याची प्रथा आहे. एकेक अंक पाहिला तर त्याबद्दल तक्रार करता येत नाही, पण बाकीच्या मराठी दिवाळी अंकांच्या ढिगात ते एकदम आले की वर्षभर सांभाळलेला ताल त्या महिन्यात मोडतो. बालकुमार अंक उन्हाळ्याच्या सुट्टीत आला तर मुले तो अधिक निवांत वाचतील, असे मला वाटते.

मुदत बदलून पाहण्याचे प्रयोगही आपल्याकडे झाले आहेत. १८३२ मध्ये ‘दर्पण’ पाक्षिक म्हणून निघाले आणि काही महिन्यांतच साप्ताहिक झाले. ‘माणूस’ मासिकापासून सुरू होऊन साप्ताहिकापर्यंत आले. ‘मौज’चा प्रवास उलट दिशेचा, एके काळचे साप्ताहिक पुढे केवळ दिवाळी अंकाच्या रूपाने उरले आणि त्या एका अंकाचा दबदबा मोठा राहिला. तेव्हा कमी वेळा प्रसिद्ध होणे म्हणजे उतरती कळा, असे समजण्याचे कारण नाही.

‘साधना’ने स्वतः २०१९ मध्ये ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल पोर्टल सुरू केले. गुरुजींच्या बंद पडलेल्या सायंदैनिकाचे नाव इतक्या वर्षांनी पुन्हा वापरात आले, तेही छपाई आणि टपाल या दोन्ही अडचणी नसलेल्या माध्यमात. शनिवारपर्यंत थांबू न शकणारा लेख पोर्टलवर यावा आणि मुरलेला लेख अंकात यावा, ही वाटणी मला योग्य वाटते. मात्र पोर्टलला वाराची सक्ती नसल्यामुळे वाचकालाच आठवण ठेवून तिथे जावे लागते, आणि ती आठवण समाजमाध्यमांवरच्या दुव्यांवर अवलंबून राहते. निदान एक सदर तरी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तिथे यावे अशी माझी सूचना आहे.

वर्गणीबद्दल विचाराल तर छापील अंकाची घ्यावी, आणि सुरुवातीला एका वर्षाचीच घ्यावी. ज्यांना आधी चव पाहायची आहे त्यांना जुने अंक साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर वाचता येतात; तिथे सुटे लेख चाळण्याऐवजी एखाद्या महिन्याचे सलग चार अंक वाचावेत आणि मग निर्णय घ्यावा. चार आठवड्यांचे वाचन चार आठवड्यांत झाले नाही, तर आपल्यासाठी मासिक बरे.