पस्तिशीनंतरचं पहिलं बाळंतपण असेल तर इथं दाखवा (राजारामपुरी)

माझं वय ३७, पहिलंच बाळंतपण. आधी दुसरीकडं दाखवलेलं, तिथं फाईल उघडल्या उघडल्या "एवढा उशीर का केला" म्हणून झापलं, रडत घरी आले. मग जावेनं कोल्हापूरच्या राजारामपुरीतला हा दवाखाना सांगितला.

इथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दाखवलं, बाळाला डाऊन सिंड्रोम (जन्मापासूनचा गुणसूत्रांचा दोष, त्यानं बाळाची वाढ मंद होते) असायची शक्यता आई पंचविशीत असताना साधारण १२५० त १ आणि चाळिशीत १०० त १, म्हणजे वाढते हे खरंच पण चाळिशीतही बहुतेक बाळांना तो नसतो, हे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं! ही शक्यता किती ते बघायची एनटी स्कॅन (सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (रक्ततपासणी) वेळेत झाले. पहिलटकरीण आणि वर वय पस्तिशीच्या पुढं म्हणून बीपी वाढायची भीती, त्यासाठी बाराव्या आठवड्यापासून छोट्या डोसची ॲस्पिरिन दिली (मनानं कुणी घेऊ नका, डॉक्टरांनाच विचारा).

शुगरसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आली की गरोदरपणातली शुगर. माझी १५८. सासूबाई म्हणाल्या साखर सोड, गूळ खा, आपला कोल्हापूरचा गूळ काय बाधत नाही. डाएटवाल्या ताईंनी त्यांनाच आत बोलावून बसवलं आणि गुळानंपण शुगर वाढतीच हे इतकं मायेनं सांगितलं की घरी आल्यावर त्यांनीच माझा चहा बिनगुळाचा केला. इन्सुलिन लागलं नाही.

एकदा शेजारी १९ वर्षांची पोरगी बसलेली, हिमोग्लोबिन ८. मला वाटायचं लहान वयात सगळं सोपं जातं, पण मॅडम म्हणाल्या विशीच्या आतल्या पोरींनाही रक्त कमी असणं, बीपी वाढून झटके येणं, दिवस भरायच्या आधी बाळंत होणं याचा धोका असतोच. तिला माझ्याइतकाच वेळ दिला, ते बघून बरं वाटलं.

३८ व्या आठवड्यात बीपी वाढलं, सिझर झालं, मुलगी २.८ किलो, दोघी छान. सहा आठवड्यांनी परत शुगर बघितली, नॉर्मल आली, तरी पुढं डायबेटिस व्हायची शक्यता राहते म्हणून दरवर्षी तपासायला सांगितलंय.

तक्रार एकच, अपॉइंटमेंट असूनही दीड दोन तास बसावं लागतं आणि पार्किंग अजिबात नाही, पोटुशी बाईला दारात सोडून मगच गाडी लावायला जा.