जिम लीचं काम जमवायचंय: सुटे अंक घ्यावेत की जाड पुस्तकं?

पात्राच्या प्रेमात पडून कॉमिक्स जमवणं सोपं असतं. बॅटमॅन आवडतो, तर बॅटमॅन घेत सुटायचं. चित्रकाराचा नाद लागला की हिशोब बदलतो, कारण चित्रकार एका मालिकेत मुक्काम ठोकत नाही. जिम लीचंच बघा. १९८९ मध्ये 'अनकॅनी एक्स-मेन'च्या २४८व्या अंकात तो पहिल्यांदा दिसला, मग २५६ ते २५८, मग २६७पासून सलग दहा-अकरा अंक. १९९१ मध्ये नवी 'एक्स-मेन' मालिका निघाली, तिचे पहिले ११ अंक त्याचे. १९९२ मध्ये एक्स-मेन छापणारी मार्व्हल ही प्रकाशन कंपनी सोडून इतर चित्रकारांबरोबर त्याने इमेज कॉमिक्स ही नवी कंपनी काढली. पुढे डीसी या दुसऱ्या कंपनीत बॅटमॅनचं 'हश', त्यानंतर सुपरमॅन, २०११ मध्ये जस्टिस लीग.

कोल्हापुरात बसून हे जमवणाऱ्याला दुकानात जाऊन चाळून निवडायची सोय जवळपास नाहीच. सुटे अंक परदेशी विक्रेत्यांकडून, जुन्या संग्राहकांकडून किंवा मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमधून, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्यांतून, मिळवायचे. एकत्रित आवृत्त्या मात्र भारतातल्या ऑनलाइन दुकानांत बऱ्यापैकी सापडतात. त्यामुळे बहुतेकजण पुस्तकांकडे वळतात. ते नेहमीच बरोबर ठरतं असं मला वाटत नाही. कुठल्या काळातलं काम हवंय, त्यावर उत्तर बदलतं.

'हश'साठी डोळे झाकून पुस्तक घ्या. २००२-०३ मध्ये 'बॅटमॅन'च्या ६०८ ते ६१९ या १२ अंकांत ही गोष्ट आली. लेखन जेफ लोबचं, शाई (म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाईने रेषा पक्क्या करण्याचं काम) स्कॉट विल्यम्सची, रंग अ‍ॅलेक्स सिंक्लेअरचे. बाराही अंकांची चित्रं लीचीच, त्यामुळे पुस्तकात दुसऱ्या कुणाच्या कामाचे पैसे भरावे लागत नाहीत. ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, लहानपणीच्या आठवणींची पानं लीने स्वतः जलरंगात केली आहेत. गडद, टोकदार गॉथम पाहता पाहता मध्येच ती ओलसर, फिकट पानं येतात तेव्हा हाच माणूस का, असं वाटून थांबायला होतं. चांगल्या कागदावर ती जास्त खुलतात.

याच गोष्टीच्या आणखी दोन आवृत्त्या आहेत. 'हश अनरॅप्ड'मध्ये फक्त पेन्सिल आहे, 'बॅटमॅन नॉयर: हश'मध्ये फक्त काळी शाई. कलानिकेतन किंवा दळवीज या इथल्या चित्रकलेच्या संस्थांत शिकणाऱ्या कुणी मला विचारलं तर मी रंगीत आवृत्तीच्या आधी 'अनरॅप्ड' घ्यायला सांगेन. केपची एक घडी घ्या. पेन्सिलमध्ये सावलीची दिशा, रेषांचा कल, कुठे हात जोरात चालला आणि कुठे नुसता टेकला, हे सगळं दिसतं. शाईत विल्यम्सने त्यातलं काय ठेवलं, काय घट्ट केलं, ते कळतं. रंग चढले की यातलं निम्मं झाकलं जातं. सुट्या अंकांतून हा अभ्यास होत नाही.

एक्स-मेनच्या बाबतीत माझं मत नेमकं उलटं आहे. लेखक क्लेरमाँट आणि ली यांच्या नावाने जो ऑम्निबस, म्हणजे पुष्कळ अंक एकत्र बांधलेला जाडजूड ग्रंथ, निघतो, त्याचा पहिला खंड २४४व्या अंकापासून सुरू होतो आणि त्यातली बरीचशी पानं मार्क सिल्व्हेस्ट्री आणि इतर चित्रकारांची आहेत. गोष्ट सलग वाचायची असेल तर उत्तमच. पण लीसाठी घेत असाल तर किलोभर वजन उचलून त्याची पानं शोधत बसावं लागतं. सुट्या अंकांत जे त्याचं तेवढंच घेता येतं.

आणि इथे सुटे अंक महाग नाहीत. १९९१ च्या 'एक्स-मेन' क्रमांक १ च्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानांकडे गेल्या, गिनीज बुकात त्याची नोंद आहे. पाच मुखपृष्ठं होती. चार शेजारी लावली की एक लांबलचक चित्र तयार होतं, पाचव्यावर तेच चित्र घडीच्या पानावर सलग येतं. इतक्या प्रती असल्यामुळे अमेरिकेत हा अंक आजही स्वस्तात मिळतो. आपल्याकडे कुणी 'पहिला अंक, दुर्मिळ' म्हणून भाव चढवला तर भुलू नका. खरा खर्च टपालाचा. एकेक अंक मागवला तर अंकापेक्षा पाकीट महाग पडतं, म्हणून एकाच विक्रेत्याकडून सात-आठ अंक एकदम घ्यावेत.

जोडपानाचा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो. लीची ताकद दोन पानांवर पसरलेल्या दृश्यांत आहे, दहा-बारा पात्रं एकदम अंगावर येतात. पिना मारलेला अंक मधोमध सपाट उघडतो. चिकट बांधणीच्या जाड पेपरबॅकमध्ये मधली पात्रं खाचेत जातात. शिवलेल्या बांधणीचे हार्डकव्हर याबाबतीत बरे. पेपरबॅक घेताना बांधणी विचारून घ्या.

कागदाचंही बघायला हवं. ८९-९० च्या अंकांच्या साध्या कागदावर शाई किंचित पसरते आणि लीच्या बारीक रेषांची जाळी मऊ होते. पुनर्मुद्रणात तेच रंग पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर भडक दिसतात. मला जुनं रूप आवडतं. रेषा स्वच्छ हव्या असतील तर तुमचा कौल उलटा पडेल, आणि तेही रास्त आहे.

आता आपल्या पावसाचं. साधा कागद आपोआप पिवळा पडतो, दमटपणात लवकर. जुलै-ऑगस्टमध्ये अंक पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, उभे ठेवायचे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायचं, नाहीतर कसर लागते. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांच्या घरात आला, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुळगुळीत कागदाची पुस्तकं भिजून वाळली की पानं एकमेकांना चिकटतात, ती सुटत नाहीत. साध्या कागदाचा अंक सुरकुततो, पण निदान उघडतो. शिवाय नदीने इशारा पातळी ओलांडली की सुट्या अंकांचा डबा एका हाताने वर नेता येतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या ठिकाणी तळमजल्यावर राहत असाल तर ऑम्निबसची रांग खालच्या फळीवर नकोच.

डिजिटलचं थोडक्यात: मार्व्हल अनलिमिटेडसारख्या वर्गणीत आधी वाचून काय घ्यायचं ते ठरवा. तो संग्रह नव्हे. प्लास्टिकच्या कवचात बंद केलेले, अवस्था तपासून गुण दिलेले अंक मी सुचवणार नाही. चित्रकारासाठी घेतलेला अंक उघडता येत नसेल तर मुखपृष्ठापलीकडे हाती काय लागणार?

सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते 'हश' पुस्तकरूपात आणि 'एक्स-मेन' १ ते ११ सुटे घ्यावेत. मग 'अनकॅनी'चा २६८वा, ज्यात वुल्व्हरिन, कॅप्टन अमेरिका आणि ब्लॅक विडो एकत्र येतात. ऑम्निबस आवडलाच तर नंतर. जुना अंक घेताना विक्रेत्याकडून मधल्या पानाचा फोटो मागवा आणि पिना बघा. पिनेभोवती तांबूस डाग असेल तर तो अंक दमट जागी राहिलेला आहे, आणि आपल्या पावसाळ्यात तो गंज कागदात आणखी पसरत जातो.