स्टेक: थेट तव्यावर की आधी ओव्हनमध्ये?

स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप. आधी तुकड्याची जाडी मोजा. अडीच सेंटीमीटरपर्यंत असेल तर थेट बिडाचा तवा, चार किंवा जास्त असेल तर आधी ओव्हन आणि मग तवा. मधल्या जाडीला दोन्ही चालतं, पण हात बसलेला नसेल तर ओव्हनच बरा. तिथे चूक सावरायला वेळ मिळतो.

तव्यावर सगळं झपाट्याने होतं. तवा धूर निघेपर्यंत तापवा, मांस टिपून अगदी कोरडं करा आणि दर 30 ते 60 सेकंदांनी उलटा. 'एकदाच उलटायचं' हे विसरा. सतत उलटल्याने कडेचा करडा, कोरडा पट्टा बारीक राहतो. मीडियम रेअर (आतून गुलाबी, अर्धवट शिजलेला) म्हणजे मध्यभागी 54 ते 57 अंश सेल्सिअस, पण उतरवल्यावरही आतलं तापमान 3 ते 5 अंशांनी चढतं, म्हणून 51 ला उतरवायचं. मिनिटभर उशीर झाला की जास्त शिजलेला मीडियमच हाती येतो. जाड तुकडा असा केला तर बाहेरून करपतो आणि आत गारच राहतो.

ओव्हन 120 अंशांवर ठेवा, मांस जाळीवर, खाली ट्रे. आत 46 ते 48 अंश व्हायला चार सेंटीमीटरच्या तुकड्याला साधारण अर्धा तास लागतो. तोवर पृष्ठभाग सुकलेला असतो, त्यामुळे कडक तव्यावर प्रत्येक बाजूला एकेका मिनिटात खरपूस रंग येतो आणि आतला गुलाबी भाग जवळपास कडेपर्यंत सारखा दिसतो. लहान ओटीजीत (टेबलावरच्या ओव्हनमध्ये) मात्र वरची तापणारी कांडी मांसाच्या फार जवळ येते. मधल्या खाचेतच ठेवा.

मीठ 40 मिनिटं आधी लावा, नाहीतर तव्यावर टाकताना. दहा मिनिटं आधी लावलं तर सुटलेलं पाणी वरच राहतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं.

दोन्ही पद्धतींत थर्मामीटर हवाच, बाजूने मध्यापर्यंत खुपसलेला. बोटाने दाबून अंदाज घेण्यावर आमचा विश्वास नाही: अंडरकट (कण्याखालचा सगळ्यात मऊ भाग) शिजल्यावरही मऊच लागतो, तर दुसऱ्या भागाचा तुकडा कच्चा असतानाही घट्ट.

महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून स्टेकसाठी मिळतं ते म्हशी-रेड्याचं. त्यात चरबी कमी, त्यामुळे 65 अंशांच्या पुढे ते पटकन चामट होतं. त्यातल्या त्यात अंडरकट घ्या. बर्फात न ठेवलेलं, उघड्यावरचं मांस रेअर, म्हणजे आत जवळपास कच्चं, खाऊ नये. सुयांनी टोचून मऊ केलेलंही नको, कारण वरचे जंतू आत गेलेले असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा अख्ख्या तुकड्यासाठीचा आकडा 63 अंश आणि नंतर 3 मिनिटं विसावा असा आहे. 63 गाठायचे पण 65 ओलांडायचे नाहीत, इतक्या अरुंद फटीत जाड अंडरकट बसवायचा तर ओव्हनची पद्धतच वापरा: 57 ला बाहेर काढा, तव्यावर रंग आणा, 63 दिसले की थांबा; मंद ओव्हननंतर तापमान वर सांगितल्याइतकं चढत नाही.