खोऱ्याच्या नियोजनासाठी ‘वीप’ : साठ्याचा ताळेबंद मांडणारी संगणकप्रणाली

स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटची ‘वीप’ ही संगणकप्रणाली नदीखोऱ्यातील आवक, मागणी आणि साठा यांचा ताळेबंद मांडते. भविष्यासाठी किती साठा लागेल, हे ठरवताना तिचा खरा कस लागतो. जलाशयाचे पूरनियंत्रण, उपयुक्त, राखीव आणि मृत (तळाचा, वापरता न येणारा) असे चार थर तिच्यात स्वतंत्रपणे ठरवता येतात. पाणी राखीव थरात उतरले की दरमहा त्याचा किती अंश सोडायचा, हे एका गुणकाने बांधता येते, त्यामुळे धरणाची उंची न वाढवता केवळ सोडण्याचे नियम बदलून टंचाई किती कमी होते, हे आधीच तपासता येते. माझ्या मते हीच तिची सर्वांत मोलाची सोय आहे. प्रत्येक मागणीला १ ते ९९ असा प्राधान्यक्रम देता येतो, आणि पिण्याचे पाणी व सिंचन यांतला वाद निदान कागदावर तरी स्पष्ट होतो. मात्र हिशेबासाठी मासिक कालखंड निवडल्यास पूरशिखरे सरासरीत बुडून जातात, म्हणून सांडव्याच्या, म्हणजे धरणातून पुराचे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या भागाच्या, संकल्पनासाठी (आराखड्यासाठी) तिच्यावर विसंबू नये. गाळाने घटणारी क्षमता आणि बदलते पर्जन्यमान यांची गृहीतके वापरणाऱ्यालाच विचारपूर्वक भरावी लागतात. विकसनशील देशांतील सरकारी, शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांना परवाना विनामूल्य मिळतो.