आधी डेटा की आधी अ‍ॅप्लिकेशन?

टोगॅफ ही संस्थेच्या कामाचा आणि आयटी यंत्रणांचा आराखडा (एंटरप्राइझ आर्किटेक्चर) टप्प्याटप्प्यानं आखायची पद्धत. तिच्या फेज सीला, म्हणजे डेटा आणि अ‍ॅप्लिकेशन्सच्या टप्प्याला, पोहोचलं की हा वाद होतोच. डेटा आर्किटेक्चर (कोणती माहिती कुठे, कशी ठेवायची) आधी आखायचं की अ‍ॅप्लिकेशन आर्किटेक्चर (कोणतं सॉफ्टवेअर कोणतं काम करेल)? टोगॅफ कोणतीही बाजू घेत नाही. क्रम तुम्ही ठरवा, म्हणतं. स्टीव्हन स्पीवाकच्या १९९२ सालच्या ईएपी (एंटरप्राइझ आर्किटेक्चर प्लॅनिंग) पद्धतीत मात्र क्रम पक्का आहे: डेटा, मग अ‍ॅप्लिकेशन, शेवटी टेक्नॉलॉजी. दोन्ही मार्गांनी कामं केली आहेत, म्हणून माझं मत सांगतो.

सॉफ्टवेअर स्वतः बांधणार असाल, किंवा पाच-सात जुन्या सिस्टिम्स एकमेकींशी बोलत्या करायच्या असतील, तर डेटा आधी. एका नागरी सहकारी बँकेचं काम करताना हे चांगलंच कळलं. एकच माणूस शेअर्स विभागात सभासद, कोअर बँकिंगमध्ये खातेदार आणि कर्जाच्या फायलीत जामीनदार. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नाव आधी, तिसरीकडे नुसती आद्याक्षरं. साहेबांनी विचारलं, ‘आपले एकूण ग्राहक किती?’ तीन विभागांनी तीन आकडे दिले, आणि आपापल्या व्याख्येनुसार तिन्ही बरोबर होते! नवं अ‍ॅप आणून हा घोळ मिटला नसता. उलट चौथा आकडा तयार झाला असता. त्यात आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. ग्राहकानं ‘माझी माहिती काढून टाका’ म्हटलं, तर ती कुठे कुठे पडली आहे हे आधी माहीत हवं.

या मार्गाचा तोटाही खरा आहे. ‘सक्रिय खातेदार म्हणजे कोण’ यावर बैठकांमागून बैठका होतात, भिंतीवर भलामोठा ईआर डायग्राम (कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जोडलेली, याचं चित्र) लागतो आणि संचालक मंडळाला दाखवायला हातात काहीच नसतं. सगळ्या एंटिटीज, म्हणजे ज्यांची नोंद ठेवायची त्या गोष्टी, नका धरू. ग्राहक, खातं, उत्पादन, शाखा एवढ्यावर सुरुवात करा.

ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा तयार पॅकेज घ्यायचं ठरलंच असेल, तर अ‍ॅप्लिकेशन आधी. पॅकेज स्वतःचं डेटा मॉडेल सोबत घेऊन येतं, तुमचं सुबक मॉडेल तिथे कपाटात जातं. व्यवसायाचं कोणतं काम पॅकेज करेल, कोणतं बाहेर राहील, हे आधी ठरलं की निम्मा प्रश्न सुटतो. काम लवकर दिसतं, बजेट मंजूर होतं. पण प्रत्येक विभागानं आपापलं पॅकेज आणलं की प्रत्येकाचा मास्टर, म्हणजे ग्राहकांसारख्या मूळ नोंदींची यादी, वेगळा. १० अ‍ॅप्लिकेशन्स थेट एकमेकांना जोडायची म्हटली तर ४५ जोड्या होतात. त्या सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला की काय होतं, ते विचारू नका.

मार्ग कोणताही घ्या, क्रड मॅट्रिक्स मात्र सोडू नका. उभ्या रकान्यांत अ‍ॅप्लिकेशन्स, आडव्या ओळींत डेटा एंटिटीज आणि प्रत्येक चौकटीत सी, आर, यू, डी: नोंद कोण तयार करतं, वाचतं, बदलतं, पुसतं. महागडं टूल नको, एक्सेल पुरतं. त्या बँकेत ‘ग्राहक’च्या ओळीत चार ‘सी’ निघाले. म्हणजे नवा ग्राहक चार ठिकाणी जन्माला येत होता. एका ओळीत तर एकही ‘सी’ नव्हता. चौकशी केल्यावर समजलं, ती माहिती एक क्लार्क दर महिन्याला स्वतःच्या एक्सेलमधून चढवत होते. असं काही मुलाखतीत कोणी आपणहून सांगत नाही.

पॅकेजच घेणार असाल, तर करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या. ग्राहकाची मूळ नोंद कोणत्या सिस्टिमची, आणि करार संपला तर तो सगळा मास्टर वाचता येईल अशा फॉरमॅटमध्ये, वेगळे पैसे न घेता, परत मिळेल का. दुसऱ्या मुद्द्यावर विक्रेता अडखळला, तर निविदा पुन्हा काढा.